भिंतीकडची स्क्रीन

१

शटर वर गेलं की आधी काचा बघायच्या, मग कॉम्प्युटर लावायचा आणि केर सगळ्यात शेवटी काढायचा, हा क्रम दादाने घालून दिलेला. केर आधी काढला तर धूळ उडते, काचेवर बसते, काचेवरून फ्रेममध्ये जाते आणि चार दिवसांनी गिऱ्हाईक ती फ्रेम काखेत मारून परत येतं. "आणि परत आलेली फ्रेम म्हणजे रुसून आलेला जावई," दादा म्हणायचा. "ठेवताही येत नाही, हाकलताही येत नाही."

दुकान दोघा भावांचं. पुढे टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्यासमोर स्टूल. मागे धाकट्याचा लाकडी ओटा. तिथे तो पट्ट्या कापायचा, कोपरे जोडायचा, हिरकणीने काच कापायचा, फोटोभोवती बसणारा माउंटचा पुठ्ठा कोरायचा. शाळा त्याने सातवीत सोडली. अक्षरं एकेक करून लावायला लागली की त्याच्या कपाळावर घाम यायचा, पण काच कापताना हात कधी कापला नाही.

दादाचं काम फोटोंचं. काढायचे आणि साफ करायचे. साफ करायला येणारे फोटो बहुतेक गेलेल्यांचे. लोक कुठल्यातरी गर्दीतला फोटो घेऊन यायचे आणि काउंटरवर ठेवायचे. दादा चष्मा वर सरकवून एकच प्रश्न विचारायचा, "यातलं गेलेलं कोण?"

लोक बोट ठेवायचे. मग दादा त्या माणसाच्या कडेकडेने माउस फिरवायचा. मागे एक तुटक रेघ उमटायची आणि ती जागच्या जागी चालत राहायची. दादा तिला मुंग्या म्हणायचा. मुंग्यांनी माणसाला पुरता वेढा घातला की माणूस गर्दीतून सुटायचा आणि फिकट निळ्या रंगावर एकटा येऊन बसायचा. तो निळा रंग दादा जिवंत माणसाला कधी द्यायचा नाही.

"खांद्यावरचा हात सगळ्यात वाईट," तो नेहमी कुरकुरायचा. "बाकी सगळं निघतं. पण कुणी खांद्यावर हात टाकलेला असला ना, की एकाचं कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं, काही कळत नाही."

टेबलावर स्क्रीन दोन होत्या. एक दाराकडे, एक भिंतीकडे. दाराकडच्या स्क्रीनवर बिलं, पासपोर्टचे फोटो, चालती-बोलती माणसं. भिंतीकडच्या स्क्रीनवर फक्त गेलेले. "दाराकडे आपण, भिंतीकडे ते," दादा म्हणायचा. "सरमिसळ नको. एकदा घाईत एका चांगल्या धडधाकट काकांना निळ्यावर बसवलं होतं मी. काकूंनी दुकान डोक्यावर घेतलं."

आता दादाला जाऊन तेवीस दिवस झाले होते, आणि टेबलावर स्क्रीन एकच होती.

दुसरी धाकट्याने फोडली. दादाला शेवटचा निरोप देऊन सगळे घरी गेले, हा एकटा दुकानात आला, तर कॉम्प्युटर तसाच चालू. भिंतीकडच्या स्क्रीनवर कुणाच्या तरी मावशीचा फोटो, अर्ध्या मुंग्या फिरलेल्या, बाकीच्या दादाची वाट बघत जागच्या जागी चाललेल्या. त्याच्या डोक्यात काहीतरी सटकलं. ओट्यावरची हातोडी उचलून त्याने दोन घाव घातले. मग वायर उपटली आणि ते धूड मागच्या बोळात फेकून दिलं. टेबलावर तिच्या पायाचा चौकोन तेवढा राहिला, धूळ न बसलेला.

२

आईला दादाचा फोटो हवा होता. एवढंच. बाकी तिने काही मागितलं नव्हतं.

आणि जगात सगळ्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा फोटो कुठे नव्हता. तो गेला त्या दिवशी मोबाइल रस्त्यावरच चुरा झाला. ओळखपत्रावरचा तोंडवळा पाण्याने गेलेला. एक होता, दुकानातला. नवा कॅमेरा आला तेव्हा दादाने तो स्टँडवर लावला, बटण दाबलं आणि धावत येऊन धाकट्याच्या खांद्यावर हात टाकला होता. "हलू नकोस," म्हणाला होता. दोघांचाच. आईने तो एकदा स्क्रीनवर बघितला होता आणि तेव्हापासून तो तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

फ्रेम धाकट्याने केव्हाच करून ठेवली होती. गडद लाकडाची, बारा बाय पंधरा. आत काच, काचेमागे काहीच नाही. तो फोटो कॉम्प्युटरमधून काढून छापायचा होता, बस्स. दोन मिनिटांचं काम.

चौथा दिवस होता त्या दोन मिनिटांचा.

'घरचे' नावाच्या कप्प्यात फोटो सापडला होता. तांदळाएवढे दोन चेहरे दिसत होते. त्यावर दोनदा टिचकी मारली की खाली पट्टीवर त्याचं चिन्ह यायचं, म्हणजे विंडो उघडली. पण स्क्रीनवर काही नाही. पुन्हा टिचकी. चिन्ह लुकलुकायचं. स्क्रीन ढिम्म.

"ये ना," धाकटा पुटपुटला. मग मोठ्याने, "ये ना, भडव्या!"

समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून इकडे बघितलं. धाकट्याने माउस आपटला आणि डॉक्टरला फोन लावला.

डॉक्टर म्हणजे पलीकडच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. कुठलंही मशीन आलं की आधी त्याला कान लावून ऐकायचा, म्हणून ते नाव पडलेलं.

"अरे, साधं आहे," डॉक्टर म्हणाला. "तुझा दादा फोटो नेहमी डाव्या स्क्रीनवर उघडायचा ना? विंडो ते लक्षात ठेवते. ती अजूनही तिकडेच उघडतेय."

"पण तिकडे काही नाहीच आहे."

"ते तुला माहितीये. मशीनला कुणी सांगितलं?"

३

डॉक्टर दुपारी आला, काखेत स्वतःची एक जुनी स्क्रीन घेऊन. आल्या आल्या कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला.

"नाडी ठीक आहे."

"डॉक्टर, फाजीलपणा नको. चार दिवस झाले."

"बरं बाबा." त्याने डबा फिरवून मागे बघितलं. वायर एकच, दाराकडच्या स्क्रीनची. दुसरं भोक रिकामं. मग त्याने स्क्रीनची माहिती दाखवणारं पान उघडलं. त्यात दोन चौकोन होते, शेजारी शेजारी चिकटलेले. एकावर १, दुसऱ्यावर २.

"बघ, अजूनही दोन मोजतंय. आता हे खालचं बटण दाब. यातल्या प्रत्येक स्क्रीनवर तिचा तिचा आकडा उमटतो. हजेरी घेतल्यासारखं."

धाकट्याने दाबलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात मोठा पांढरा १ उमटला, थोडा वेळ राहिला, गेला.

"आणि दोन?"

"उमटला असेल हवेत." डॉक्टर हसला. त्याने आणलेली स्क्रीन मागच्या रिकाम्या भोकात जोडली आणि ती बरोबर त्या स्वच्छ चौकोनावर ठेवली. "आता ही झाली दोन नंबर. फोटो आपोआप हिच्यावर येतो की नाही बघ. दाब बटण."

दाराकडे १ उमटला. डॉक्टरच्या स्क्रीनवर ३.

डॉक्टरने चष्मा काढून पुसला. वायर काढली, पुन्हा घातली. ३. मशीन बंद करून चालू केलं. ३. चौकोन आता तीन झाले होते आणि मधला, २ आकड्याचा, तसाच जागेवर बसून होता.

"फोटो कॉपी करून द्या नुसता," धाकटा म्हणाला. "मी दुसरीकडून छापतो."

"तेच करतो." डॉक्टरने पेनड्राइव्ह लावला. स्क्रीनवर एक सूचना आली. धाकट्याला ती वाचायला वेळ लागला असता म्हणून डॉक्टरनेच सांगितलं, "म्हणतंय, फाइल वापरात आहे. कुणीतरी उघडून बसलंय. त्याने बंद केल्याशिवाय कॉपी होणार नाही."

"कोण बसलंय?"

"तूच, अजून कोण? टिचक्या मारून मारून उघडून ठेवली असशील." त्याने सगळं बंद केलं. मशीन पुन्हा चालू केलं आणि कुणीही काहीही उघडायच्या आत कॉपी करायला घेतलं. तीच सूचना. यावेळी त्याने विनोद केला नाही.

"मी मशीन घेऊन जातो. फॉरमॅट मारू."

"म्हणजे?"

"सगळं पुसायचं आणि नव्याने—"

धाकट्याचा हात डॉक्टरच्या कॉलरला कधी गेला ते त्यालाही कळलं नाही. शिंपी उठून उभा राहिला. डॉक्टर मात्र हलला नाही. त्याने हळूच ती बोटं सोडवली, एकेक करून.

"नाही पुसत. बस. बस म्हणतो ना."

जाताना त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चार बटणांची चित्रं काढून दिली, धाकट्याला अक्षरांचा त्रास नको म्हणून. ही दोन एकदम दाबायची, मग हे, मग बाणाचं एकदा. "बाहेर पडलेली विंडो माउसला चिकटते. मग माउस उजवीकडे ओढायचा, की येते फरपटत. आली की टिचकी मारून सोड. पण त्याआधी हात उचलू नकोस."

आपली स्क्रीन काखेत मारून तो निघाला. दारात थांबून म्हणाला, "हे असं होतं रे कधी कधी. दुसरी स्क्रीन गेली हे मशीनला पटायला वेळ लागतो."

४

दुसऱ्या दिवशी आई डबा घेऊन आली. पूर्वी दोन डबे यायचे. आता एक यायचा, पण आई पिशवी तीच मोठी आणायची आणि डबा तिच्यात आडवा पडून खडखडायचा.

ती दादाच्या स्टुलावर बसली. ओट्यावरच्या फ्रेमकडे बघितलं.

"झाला?"

"होईल."

"रविवारी म्हणालास. मग काल म्हणालास."

"आई, अडकलाय तो. यंत्र आहे. मी काय मुद्दाम करतोय?"

"मी कुठे म्हटलं मुद्दाम?" आईने पदराने काउंटरची कड पुसली. "मला विसरायला होतंय रे. सकाळी उठले तर त्याचं नाकच आठवेना. आवाज आठवतो, चालणं आठवतं, नाक नाही आठवत. आईला मुलाचं नाक आठवत नाही, हे कुणाला सांगू?"

धाकट्याने हातातला घास डब्यात परत ठेवला.

"तुझ्यासारखंच होतं का रे त्याचं नाक?" तिने त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. मग आपणच मान हलवली. "नाही. तुझं माझ्यावर गेलंय."

ती गेल्यावर डबा तसाच राहिला. धाकट्याला त्या दिवसाची दुपार आठवली, रोज आठवायची तशी. मोठी फ्रेम त्याने बोटभर चुकीची कापली होती. दादा ओरडला, बोटभर म्हणजे काय गंमत वाटते का तुला! याने पट्टी फेकली. मग फ्रेम दुरुस्त झाली, पोचवायची वेळ आली. पोचवणं याचं काम. "मी नाही जात," हा म्हणाला. "तुझं तूच ने." आणि दादा स्कूटरला फ्रेम बांधून निघाला. वळणावर ट्रक होता.

जायचं याला होतं. ही गोष्ट त्याने अजून कुणालाच सांगितली नव्हती. आईला तर नाहीच.

५

पाच वाजता उन्हाची पट्टी दारातून आत येऊन टेबलाच्या पायापर्यंत पोचली, तेव्हा त्याने डॉक्टरचा पुठ्ठा कीबोर्डला टेकवून उभा केला.

दोन बटणं एकदम. मग एक. मग बाण. काही नाही. त्याने माउस हळूहळू उजवीकडे, दाराच्या बाजूला सरकवला.

स्क्रीनच्या भिंतीकडच्या कडेला काहीतरी आलं. विंडोची कड. बोटभर रुंद पट्टी, वरपासून खालपर्यंत. फिकट निळी.

त्याने अजून थोडं ओढलं. पट्टी दोन बोटं झाली. मग थांबली.

मग परत गेली.

धक्का बसून नाही. सावकाश, एका लयीत, जसा सवयीचा हात माउस फिरवतो तशी. कड गेली, स्क्रीन मोकळी झाली.

पुन्हा. दोन बटणं, एक, बाण. पट्टी आली, परत गेली. तिसऱ्यांदा त्याने जोर लावला. माउसला जोराने काय फरक पडतो, पण लावला. मनगट दुखलं. पट्टी चार बोटं आत आली आणि तशीच परत गेली. माउसमध्येच बिघाड असेल. तार हलत असेल. त्याने तार दाबून धरली. टेबल उताराला आहे की काय म्हणून खाली घडी घातलेला कागद सरकवला. मग स्वतःलाच हसला, उतारावरून विंडो घसरते काय?

सातव्यांदा पट्टी परत जाताना त्याला अचानक आठवलं. दादा कामात असला आणि याने मध्येच माउसला हात लावला, तर दादा वर न बघता, न बोलता, याच्या हाताखालून माउस असाच काढून घ्यायचा. रागाने नाही. काम पुरं व्हायचं असायचं.

"दे की रे!" तो ओरडला. "आईला हवाय!"

शिंप्याचं मशीन थांबलं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं.

त्याने रागारागाने ते हजेरीचं बटण दाबलं. त्याच्या स्क्रीनवर १ उमटला. त्याच्याकडे पाठ फिरवून तो ओट्याशी गेला. हाताला काहीतरी काम हवं होतं. त्याने रिकामी फ्रेम उचलली, मागे काळं फडकं धरलं आणि काच पुसायला लागला.

६

काळं फडकं मागे धरलं की काचेवरचा कण न् कण दिसतो. आणि आपल्या पाठीमागचंही सगळं दिसतं.

काचेत टेबल दिसलं. दाराकडे उजेडाचा चौकोन, त्यात काचेत दिसतो तसा उलटा १. आणि भिंतीकडे, त्या स्वच्छ जागेवर, दुसरा उजेडाचा चौकोन. त्यात उलटा २.

तो वळला. टेबलावर एकच स्क्रीन. भिंतीकडे धूळ नसलेला चौकोन, आणि वर भिंत.

त्याने काच पुन्हा समोर धरली. ऊन असेल. शिंप्याच्या आरशावरून आलेलं ऊन. पण आकडे गेले होते आणि भिंतीकडचा उजेड गेला नव्हता. त्याच्यात फोटो होता.

तो फोटो. काउंटर, मागच्या फ्रेमा, दोघं. दादाचं हसू धाप लागल्यासारखं, धावत आला होता ना. नाकही दिसलं. आईला सांगता येईल, किंचित डावीकडे वळलेलं. काचेत उलटं, म्हणजे खरं तर उजवीकडे. धाकट्याला रडू फुटणार तेवढ्यात त्याला मुंग्या दिसल्या.

त्या चालत होत्या. आणि दादाभोवती नव्हत्या.

त्या याच्या केसांवरून आल्या होत्या, एकेक केस बाहेर सोडत, दादाच सोडायचा तशा. कानामागून उतरल्या होत्या. पलीकडच्या दंडावरून, कोपरावरून खाली जाऊन वर आल्या होत्या. फक्त खांदा राहिला होता. दादाचा हात होता तो खांदा. तिथे येऊन रेघ थांबत होती, मागे जात होती, पुन्हा पुढे येत होती.

चुकलंय, त्याच्या मनात आलं. दादा, माणूस चुकलाय. पण त्या काकांनंतर दादा कधी माणूस चुकला नव्हता. आधी विचारायचा.

त्याला काच खाली ठेवायची होती. हात ऐकेनात. काच जरा तिरकी केली असती तर टेबलासमोरचं स्टूल दिसलं असतं. ती त्याने केली नाही. रेघ खांद्याशी घुटमळत होती आणि त्याला, काय वेड लागलं असेल ते असो, वाटलं की आपण हललो तर ती बिघडेल. फोटो काढताना दादा म्हणायचा तसं कुणी म्हणालं नाही. तरी तो हलला नाही. उन्हाची पट्टी टेबलाच्या पायावरून सरकून दाराबाहेर गेली तोवर तो तसाच, हातात फ्रेम धरून उभा होता.

मग मागून माउसचा आवाज आला. टिक. टिक.

७

तो वळला तेव्हा फोटो दाराकडच्या स्क्रीनवर होता. पुरता, कडेपासून कडेपर्यंत.

फिकट निळा रंग. मधे धाकटा, एकटा, नितळ केलेला. गालावरचा मुरुमाचा डाग काढलेला, शर्टाची सुरकुती काढलेली. इतका चांगला तो कधीच दिसला नव्हता. आणि खांद्यावर एक हात, मनगटापर्यंत. चार बोटं. मनगटामागे निळं.

दादा कुठेच नव्हता.

त्याने 'घरचे' कप्पा धुंडाळला. सगळे कप्पे धुंडाळले. आकडे, अक्षरं, जे दिसेल ते उघडलं. मूळ फोटो नव्हता. मूळ फोटोवर कधी सेव्ह करायचं नाही, हा दादाचा पहिला नियम. तो त्याने याला इतक्या वेळा सांगितला होता की कॉम्प्युटर न येणाऱ्या माणसालाही तो पाठ होता.

"काय केलंस हे?" तो रिकाम्या दुकानात म्हणाला. "मला काय करायचंय माझं?"

आता फाइल वापरात नव्हती. मुकाट्याने छापली गेली.

त्याने रात्री तो छापील फोटो आईपुढे ठेवला. काय सांगायचं ते ठरवलं होतं, ते सगळं विसरला. आईने चष्मा लावला. त्याच्या चेहऱ्यावरून तिची नजर सरळ खाली गेली आणि हातावर थांबली. तिने बोटाने बोट चाचपलं.

"हा त्याचाच. काच लागल्याची खूण बघ पहिल्या बोटाला." तिने फोटो उलटा करून मागे बघितलं. "एवढाच राहिला का?"

"हो."

"मग एवढाच लाव."

सकाळी त्याने माउंटचा पांढरा पुठ्ठा कापला. मधे एक छोटी खिडकी कोरली, कोपरे असे साधले की कुणी बोट ठेवायला जागा नाही. खिडकीतून फक्त ती चार बोटं दिसत होती आणि खाली शर्टाचं कापड. बाकीचा फोटो पुठ्ठ्याखाली गेला. फ्रेम त्याने घरी भिंतीला लावली. आई तिच्यासमोर बसायची आणि तिला बरं वाटायचं. शेजारच्या बाया म्हणाल्या, काय सुरेख कल्पना आहे हो.

पुठ्ठ्याखाली काय आहे ते त्याला माहीत होतं. जेवताना त्याची त्या भिंतीकडे पाठ असायची. निळ्या रंगावर, काचेआड, तो स्वतःच हसत होता. आई हल्ली वाढताना भिंतीकडे बघून विचारायची, "अजून वाढू?"

तो "नको" म्हणायचा. ती तरी थोडा वेळ भिंतीकडेच बघत राहायची.

८

चार दिवसांनी भर दुपारी डॉक्टरचा फोन आला.

"काय रे, आला का फोटो?"

"आला."

"बघ! मी म्हटलं नव्हतं, फरपटत येते? आणि ते दोन नंबरचं भूत गेलं का? डोक्यातून जात नाहीये माझ्या ते. जरा बघून सांग. पान उघड. चौकोन किती आहेत?"

धाकट्याने उघडलं. "दोन."

"अजूनही दोन? कमाल आहे. बरं, हजेरीचं बटण दाब."

त्याने दाबलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात मोठा पांढरा आकडा उमटला.

"एक आला ना?"

धाकट्याने बाहीने स्क्रीनची काच पुसून पुन्हा बघितलं.

"अरे, काय आला?"

"दोन."

"तुझ्या समोरच्या स्क्रीनवर? दाराकडच्या?"

"हो."

"असं कसं..." डॉक्टर काहीतरी पुटपुटत विचार करत राहिला. "मग ती आता डावी झाली. म्हणजे एक तिच्या उजवीकडे पाहिजे. उजवीकडे काय आहे तुझ्या?"

उजवीकडे टेबल संपत होतं. मग उंबरा, मग रस्ता, मग समोर शिंपी, मान खाली घालून शिवत असलेला. धाकट्याने त्याला हात केला. शिंप्याने दोरा दातांनी तोडला आणि मान वर करून दुकानाकडे बघितलं, बंद शटरकडे बघावं तसं, आणि पुन्हा कामाला लागला.

फोन कानाला तसाच धरून धाकटा ओट्याशी गेला. काच उचलली. मागे काळं फडकं धरलं.

या वेळी त्याने ती तिरकी केली.

दाराकडे, जिथे नुसता उंबरा आणि ऊन होतं, तिथे काचेत उजेडाचा चौकोन होता. त्यात उलटा १. त्याच्यासमोर स्टूल. स्टुलावर कुणीतरी पाठमोरं, एक खांदा जरा वर उचलून बसलेलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि काउंटरवरचा कुठलातरी फोटो समोर उभ्या असलेल्या बाईकडे फिरवला. काही विचारलं. ऐकू आलं नाही, पण काय विचारलं असणार ते धाकट्याला ठाऊक होतं.

बाईच्या हातात ती मोठी पिशवी होती. तिने पदराने डोळे पुसले आणि फोटोवर बोट ठेवलं.

"हॅलो?" कानात डॉक्टर म्हणत होता. "हॅलो? अरे, आहेस ना?"